चंद्राच्या पलीकडे गेलेलं यान कुठे आहे हे कळतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांद्रयान-३ उतरलं त्या ऑगस्टपासून शाळांमधल्या कार्यक्रमांत, व्याख्यानांनंतर चहाच्या वेळी आणि पत्रांमधून मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली जाते: यान चंद्राआड गेलं की त्याचा ठावठिकाणा कसा लावतात? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल त्यांनी ४ आणि ६ एवढे तरी वाचावेत, बाकीचं बरंचसं त्यांच्यावर उभं आहे.

१. पलीकडच्या बाजूला कायम अंधार असतो ना?

नाही. तिथेही साधारण १४ दिवस ऊन आणि १४ दिवस रात्र असते. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तर पलीकडे भर दुपार असते. चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती सारख्याच वेळात, म्हणजे २७.३ दिवसांत फिरतो, म्हणून त्याचं एकच तोंड आपल्याकडे राहतं. फिरताना तो थोडा डोलतो, त्यामुळे कडेचा थोडा जास्तीचा भाग डोकावतो आणि एकूण ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला कधी ना कधी दिसतो. पलीकडची बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती सोव्हिएत लूना-३ ने ७ ऑक्टोबर १९५९ रोजी घेतलेल्या फोटोंमध्ये.

२. आपलं चांद्रयान-३ पलीकडेच उतरलं होतं ना?

हा गैरसमज फार पसरला आहे. विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी ६९.३७ अंश दक्षिण अक्षांश आणि ३२.३२ अंश पूर्व रेखांशावर उतरला. ती जागा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला आहे, पण पृथ्वीकडच्या तोंडावर. बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या ३२ मीटरच्या डिशला विक्रमची जागा सरळ दिसत होती. पलीकडच्या बाजूला आजवर दोनच यानं अलगद उतरली आहेत: चांग-ई ४ आणि चांग-ई ६, दोन्ही चीनची.

३. यान मागे गेलं की संपर्क का तुटतो? रेडिओ लहरी वळसा घालून येत नाहीत का?

पृथ्वीवर लघुलहरींचा रेडिओ हजारो किलोमीटरवर ऐकू येतो, कारण वरचं आयनमंडल त्या लहरींना परत खाली वळवतं. चंद्रावर तसं छत नाही. कडेवरून लहरी किंचित वळतात हे खरं, पण यानं वापरतात त्या लहरींची लांबी साडेतीन ते तेरा सेंटिमीटर, आणि मध्ये आडवा आहे ३,४७४ किलोमीटर व्यासाचा दगड. म्हणून यान कडेखाली गेलं की सिग्नल दिवा मालवावा तसा जातो.

१०० किलोमीटर उंचीवर फिरणारं यान ११८ मिनिटांत एक फेरी मारतं. त्यातली जास्तीत जास्त ४६ मिनिटं ते चंद्राआड असतं. (दर फेरीत एवढीच असं नाही. अपवाद १३ मध्ये.)

४. मग त्या ४६ मिनिटांत यान कुठे आहे हे कसं कळतं?

त्या वेळात यान कुठे आहे हे कोणी मोजत नसतं, ते हिशोबाने काढलेलं असतं. बातम्यांत ‘यानावर लक्ष ठेवून आहेत’ असं वाचून लोकांना वाटतं की कुठल्या तरी पडद्यावर एक ठिपका खरोखर सरकताना दिसत असतो. ठिपका सरकतो, पण आड असताना तो गणिताच्या जोरावर सरकतो.

यान समोर असताना त्याचं अंतर आणि वेग शक्य तितक्या बारकाईने मोजतात (रीत ५ मध्ये). त्यावरून त्याची कक्षा बसवतात. मग चंद्राचं गुरुत्वाकर्षण, पृथ्वी-सूर्याची ओढ, अगदी सूर्यप्रकाशाचा दाबसुद्धा धरून पुढची वाट काढतात. यान दुसऱ्या कडेवरून बाहेर आलं की हिशोब आणि प्रत्यक्ष यांत किती फरक पडला ते पाहतात आणि त्या फरकावरून कक्षा पुन्हा सुधारतात.

याचं सर्वांत ताणलेलं उदाहरण अपोलो ८ चं. २४ डिसेंबर १९६८ रोजी फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स चंद्राआड गेले. चंद्राच्या कक्षेत शिरायचं तर इंजिन चार मिनिटांहून थोडं जास्त चालायला हवं होतं, आणि ते चालवायचं होतं पलीकडेच, कोणाच्याही कानावर काही पडणार नाही अशा ठिकाणी. इंजिन चाललंच नाही तर यानाचा वेग कमी होणार नव्हता आणि ते लवकर बाहेर येणार होतं. बरोबर चाललं तर उशिरा, अपेक्षित मिनिटाला. ह्यूस्टनमध्ये बसलेल्यांकडे तेवढं एकच माप होतं: सिग्नल किती वाजता परत येतो. तो ठरल्या वेळी आला, आणि त्या वेळेवरूनच पृथ्वीवर कळलं की माणसं चंद्राभोवती फिरू लागली आहेत.

चूक किती वाढू शकते? यान आत जाताना त्याचा वेग सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर चुकीचा धरला गेला, तर साध्या गुणाकारानेही ४६ मिनिटांनी यान २७-२८ मीटर दुसरीकडे निघेल. आणि हे एका फेरीचं झालं. दहा फेऱ्या कोणी मोजलंच नाही तर चूक साचत जाते.

५. पृथ्वीवरून अंतर आणि वेग मोजतात तरी कसे?

अंतरासाठी सिग्नल पाठवायचा, यानाने तो परत पाठवायचा आणि गेला-आलेला वेळ मोजायचा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर, म्हणजे एका बाजूला सुमारे १.२८ सेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाचे ३० सेंटिमीटर, म्हणून सगळा भार घड्याळांवर असतो.

वेगासाठी डॉप्लर. यान आपल्याकडे येत असेल तर सिग्नलची वारंवारता थोडी चढते, लांब जात असेल तर उतरते. ८.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलवर सेकंदाला १.६ किलोमीटर वेगामुळे जवळजवळ ४५ किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि मिलिमीटरच्या अंशांपर्यंतचा वेग त्यातून निघतो.

ही रीत आपल्या नारायणगावजवळ खोडदला प्रत्यक्ष वापरली गेली आहे. तिथली जीएमआरटी ही ४५ मीटरच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण सिग्नल या दुर्बिणीने पकडला. अशा वेळी पडद्यावर यान दिसत नाही. गोंगाटाच्या करड्या दाण्यांमधून एक बारीक तिरकी रेघ उतरत असते. वेग बदलला की रेघ वाकते, आणि सिग्नल गेला की संपते. रेघ कुठे वाकली यावरून त्या क्षणी यानाचं काय चाललं होतं ते वाचतात. यान मंगळाचं असो की चंद्राचं, हे वाचन तसंच करतात.

या दोन्ही मापांची एक मर्यादा आहे. ती फक्त नजरेच्या रेषेत चालतात, आडवं सरकणं त्यांत जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन-तीन दुर्बिणींनी एकाच वेळी यान ऐकायचं आणि सिग्नल कोणाकडे किती आधी पोहोचला ते पाहायचं. चीन यासाठी शांघाय, बीजिंग, खुनमिंग आणि उरुम्छी इथल्या दुर्बिणी एकत्र जोडतो.

६. गुरुत्वाकर्षणाचा एवढा बाऊ का? चंद्र तर गोल आहे.

बाहेरून गोल आहे, पण आतून एकसारखा भरलेला नाही. १९६८ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांच्या डॉप्लर नोंदी चाळताना पॉल मुलर आणि विल्यम शोग्रेन यांना दिसलं की काही मोठ्या सपाट ‘समुद्रां’वरून जाताना यानं खाली ओढली जातात. तिथे पृष्ठभागाखाली जड द्रव्य साठलेलं आहे. त्याची किंमत १९७२ मध्ये कळली. अपोलो १६ ने सोडलेला एक छोटा उपग्रह अशा ओढींमुळे वर-खाली होत अवघ्या ३५ दिवसांत चंद्रावर आदळला.

पण मुलर आणि शोग्रेन यांचा नकाशा अलीकडच्या बाजूचा होता. पलीकडचा नकाशा करायचा कसा? ओढ मोजायची तर यान त्या जागेच्या डोक्यावर असताना त्याचा वेग मोजायला हवा, आणि नेमकं तेव्हाच ते दिसत नाही. यान बाहेर आल्यावर ‘आत असताना काहीतरी झालं असणार’ एवढाच अंदाज बांधता यायचा. घरात कोणी नसताना काय काय झालं हे परत आल्यावर मांडणी पाहून ओळखावं, तसं ते होतं. कितीतरी वर्षं पलीकडच्या गुरुत्वाकर्षणाचे नकाशे असेच धूसर राहिले.

ही कोंडी जपानने फोडली. १४ सप्टेंबर २००७ रोजी निघालेल्या कागुया यानाने ओकिना आणि ओउना असे दोन छोटे उपग्रह बरोबर नेले. ओकिनाची कक्षा १०० ते २,४०० किलोमीटर अशी लांबट होती. कागुया पलीकडे खाली असताना ओकिना उंचावरून एकीकडे त्याला आणि दुसरीकडे पृथ्वीला पाहू शकत असे. जपानमधून सिग्नल ओकिनाकडे, तिथून कागुयाकडे, परत ओकिनाकडे आणि परत जपानला. चंद्राआडच्या यानाचा वेग ते आड असतानाच मोजला गेला तो इथे, पहिल्यांदा. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर काम हेच. त्यातून दिसलं की पलीकडची मोठी विवरं गुरुत्वाकर्षणाच्या नकाशात वेगळीच, कड्यांकड्यांची दिसतात.

पुढे १० सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेची ग्रेल ही जोडी निघाली. एब आणि फ्लो अशी नावं असलेली दोन यानं एकामागोमाग फिरत आपसांतलं अंतर सतत मोजत राहिली. पुढचं यान जड भागावर आलं की किंचित पुढे ओढलं जायचं आणि अंतर वाढायचं. मागचं तिथे पोहोचलं की ते पुन्हा कमी व्हायचं. हे मोजायला पृथ्वी समोर असण्याची गरजच नव्हती. १७ डिसेंबर २०१२ रोजी ती चंद्रावर आदळवून मोहीम संपवली, तोवर दोन्ही बाजूंचा नकाशा सारख्याच बारकाईने तयार झाला होता. प्रश्न ४ मधला हिशोब आज भरवशाचा आहे तो या नकाशामुळे.

७. चांग-ई ४ पलीकडे उतरलं तेव्हा त्याच्याशी बोलत कसे होते?

क्वेकियाओ या मधल्या उपग्रहामार्फत. चिनी लोककथेत ताटातूट झालेल्या जोडप्यासाठी पक्षी आकाशगंगेवर पूल बांधतात, त्या पुलाचं हे नाव. २१ मे २०१८ रोजी तो निघाला आणि चंद्राच्या पलीकडे सुमारे ६५,००० किलोमीटरवर, पृथ्वी आणि चंद्राच्या दुसऱ्या लॅग्रांज बिंदूभोवती (दोघांच्या ओढीमुळे यान चंद्राबरोबरच फिरत राहील अशी जागा) फिरू लागला. त्याची डिश ४.२ मीटरची, छत्रीसारखी उघडणारी. सहा-सात महिने तो तिथे स्थिरावला आणि मगच ३ जानेवारी २०१९ रोजी चांग-ई ४ फोन कारमान विवरात उतरलं. या वळशामुळे निरोप पोहोचायला एका बाजूला सुमारे पावणेदोन सेकंद लागतात.

कल्पना मात्र जुनी. अपोलोच्याच काळात रॉबर्ट फार्क्वार यांनी या बिंदूभोवतीच्या कक्षेत उपग्रह ठेवण्याचं गणित मांडलं होतं.

८. हा उपग्रह नेमका त्या बिंदूवर का ठेवत नाहीत? भोवती कशाला फिरवायचा?

कारण तो बिंदू चंद्राच्या बरोबर मागे आहे. तिथे ठेवला तर चंद्राची पाठ छान दिसेल, पण पृथ्वी कधीच दिसणार नाही. पृथ्वीवरून पाहताना त्या अंतरावर चंद्राची आडवी सावली सुमारे २,००० किलोमीटर त्रिज्येची होते. क्वेकियाओ हजारो किलोमीटरचा घेर धरून, सुमारे १४ दिवसांत एक, अशा फेऱ्या मारतो, म्हणून तो सावलीच्या बाहेर राहतो. पृथ्वीवरून पाहिलं तर चंद्राभोवती कडं काढत असल्यासारखा. ही कक्षा आपोआप टिकत नाही, अधूनमधून इंजिनाने सावरावी लागते. आणि दर वेळी सावरल्यावर त्याची स्वतःची कक्षा नव्याने काढावी लागते, हे ९ वाचताना लक्षात ठेवा.

९. उतरलेल्या यानाची नेमकी जागा कशी काढतात? सिग्नलवरून?

सुरुवात सिग्नलवरून, शेवट फोटोंवरून. मधल्या उपग्रहातून मोजलेल्या अंतरात त्या उपग्रहाच्या जागेची चूकही मिसळते. म्हणून उतरताना खालच्या कॅमेऱ्याने घेतलेले फोटो कक्षेतून आधी काढलेल्या नकाशाशी ताडून पाहतात: हे तीन खड्डे, ही कड, हा मोठा दगड. गावात पत्ता सांगताना ‘वडाच्या पुढे, विहिरीच्या अलीकडे’ म्हणावं तसं. अशा जुळणीतून चांग-ई ४ ची जागा १७७.५९९१ अंश पूर्व, ४५.४४४६ अंश दक्षिण अशी निघाली. नंतर ३० जानेवारी २०१९ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या एलआरओ यानाने वरून फोटो घेतला, त्यात लँडर काही मोजक्या ठिपक्यांएवढा दिसतो.

१०. उतरताना पृथ्वीवरून कोणी चालवत असतं का?

नाही, आणि चालवूही शकत नाही. चांग-ई ४ ला १५ किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला ६९० सेकंद लागले. आदेश जाऊन उत्तर यायला साडेतीन सेकंद, तेवढ्यात चित्र बदललेलं. यान लेझर आणि रडारने उंची मोजतं, कॅमेऱ्याने खड्डे ओळखतं. शंभर मीटरवर ते तरंगत थांबलं, खाली सपाट जागा निवडली आणि उतरलं.

११. क्वेकियाओ-२ ची कक्षा वेगळी का? पहिली चांगली नव्हती का?

पहिली चांगलीच होती, पण लांब होती. २० मार्च २०२४ रोजी निघालेला क्वेकियाओ-२ चंद्राभोवतीच लांबट कक्षेत फिरतो. चांग-ई ६ साठी ती फेरी २४ तासांची होती आणि दूरचं टोक सुमारे १६,००० किलोमीटरवर, दक्षिणेकडे. लांबट कक्षेत यान दूरच्या टोकाला रेंगाळतं, त्यामुळे दक्षिण गोलार्धातली जागा तासन्‌तास त्याच्या नजरेत राहते. अंतर चौथ्या-पाचव्या हिश्शावर आलं की सिग्नल सोळा ते पंचवीस पटींनी जोरकस होतो. बदल्यात अखंड संपर्क सोडावा लागतो, जवळच्या टोकातून जाताना थोडा खंड पडतो. २ जून २०२४ रोजी चांग-ई ६ अपोलो नावाच्या विवरात उतरलं आणि २५ जूनला १,९३५.३ ग्रॅम माती घेऊन परतलं.

१२. मोबाइलमधलं जीपीएस चंद्रावर चालेल का?

अलीकडच्या बाजूला, खास संवेदनशील यंत्राने, हो. २ मार्च २०२५ रोजी ब्लू घोस्ट हे लँडर मारे क्रिसियम भागात उतरलं. त्यावरच्या यंत्राने दुसऱ्याच दिवशी जीपीएस आणि गॅलिलिओ या युरोपच्या तशाच व्यवस्थेचे सिग्नल पकडून स्वतःची जागा काढली. हे उपग्रह पृथ्वीकडे तोंड करून असतात, पृथ्वीच्या कडेवरून निसटलेला सिग्नलच चंद्रापर्यंत जातो. आणि पलीकडच्या बाजूला? तिथे तो पोहोचतच नाही, कारण प्रश्न ३ मधलंच.

१३. चांद्रयान-२ ऑर्बिटर दर फेरीत आड जातो का?

बहुतेक फेऱ्यांत जातो, पण दर वेळी नाही. यासाठी घरी एक करून पाहा. एक चेंडू घ्या आणि त्याच्याभोवती त्याच्याहून जराशी मोठी बांगडी धरा. बांगडीची कड तुमच्याकडे असेल तर तिचा मागचा भाग चेंडूआड जातो. आता बांगडी न हलवता तुम्ही चेंडूला वळसा घालून पाव फेरी बाजूला या. अख्खी बांगडी समोर दिसेल, कुठेच लपणार नाही.

ध्रुवांवरून जाणारी कक्षा अवकाशात जवळजवळ एकाच दिशेला रोखलेली राहते आणि चंद्र महिन्याभरात पृथ्वीभोवती फिरतो. म्हणून महिन्यातून दोनदा अशी वेळ येते की ऑर्बिटर फेरीभर दिसत राहतो. मात्र तेव्हा त्याचा वेग सगळा आडवा असतो आणि डॉप्लरला जवळजवळ काहीच सापडत नाही (५ मधली मर्यादा). यान सतत दिसतं, पण त्याची कक्षा काढणं अवघड जातं.

१४. लेझर मारून जागा मोजता येते असं ऐकलं. पलीकडे आरसे ठेवले आहेत का?

अपोलो ११, १४, १५ आणि दोन सोव्हिएत लूनोखोद गाड्यांवरचे आरसे अलीकडे आहेत, पृथ्वीवरून लेझर मारता यावा म्हणून. चांग-ई ६ वर इटलीचा एक छोटा परावर्तक पलीकडे गेला. त्याच्यावर पृथ्वीवरून लेझर पडणं शक्य नाही, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला तो खूण म्हणून वापरता येतो. ही रीत चालते हे विक्रमवरच्या परावर्तकाने दाखवलं आहे: १२ डिसेंबर २०२३ रोजी एलआरओने १०० किलोमीटरवरून लेझर मारला आणि परत आलेला प्रकाश टिपला.

१५. चांग-ई ६ चा रेखांश कुठे २०६ पूर्व, कुठे १५४ पश्चिम. खरा कोणता?

दोन्ही. ३६० वजा २०६ म्हणजे १५४. काही नकाशे पूर्वेकडे ० ते ३६० मोजतात, काही दोन्हीकडे १८० पर्यंत. पलीकडच्या जागा १८० च्या आसपास असल्याने गोंधळ तिथेच जास्त होतो.

खरी अडचण वेगळी आहे. चंद्राचे अक्ष ठरवायच्या दोन पद्धती आहेत. एकात शून्य रेखांश सरासरीने पृथ्वीकडे रोखलेल्या दिशेने धरतात, नकाशांसाठी. दुसऱ्यात वस्तुमानाच्या वाटणीवरून निघणारे अक्ष धरतात, कक्षेच्या गणितासाठी. दोन्हींत तीच जागा सुमारे ८६० मीटर सरकलेली येते. उतरायची जागा एका पद्धतीत काढून दुसऱ्या पद्धतीत वाचली तर यान पुढच्या खड्ड्यात. आकडा उतरवून घेताना पद्धत कोणती हेही लिहून घ्या.

१६. हौशी माणसाला असं काही ऐकता येतं का?

येतं. क्वेकियाओबरोबर निघालेल्या लोंगच्यांग-२ या छोट्या उपग्रहावर हौशी रेडिओसाठी यंत्र होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने चंद्राची पलीकडची बाजू आणि मागे पृथ्वी असा फोटो घेतला. तो उतरवून घेतला नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या २५ मीटरच्या जुन्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या हौशी मंडळींनी. ३१ जुलै २०१९ रोजी हा उपग्रह पलीकडच्या बाजूला आदळवण्यात आला. आदळताना कोणी पाहिलं नाही. तरी कक्षेच्या हिशोबाने काढलेल्या जागेजवळ एलआरओला नंतर ताजा खड्डा सापडला.

१७. एवढी अडचण आहे तर चंद्राभोवती डझनभर उपग्रह सोडून प्रश्न संपवत का नाहीत?

जागा कळण्याच्या दृष्टीने ते उत्तमच होईल. पण पलीकडची बाजू पृथ्वीच्या रेडिओ गोंगाटापासून आडोशाला आहे. विश्वात तारे पेटण्यापूर्वीच्या हायड्रोजनचा सिग्नल आज तीस-चाळीस मेगाहर्ट्झ आणि त्याखाली ताणला गेला आहे, आणि तो ऐकायला इतकी शांत जागा जवळपास दुसरी नाही. १९७३ च्या एक्सप्लोरर ४९ ने चंद्राआड जाताना पृथ्वीचा गोंगाट गळून पडतो हे मोजून दाखवलं. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत चंद्राच्या कडेपासून २३.२ अंश पलीकडचा भाग म्हणूनच राखून ठेवला आहे.

उपग्रह बोलतात ते वरच्या वारंवारतांवर, तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या वीजपुरवठ्यातून आणि संगणकातून खालच्या पट्ट्यातही कुजबुज गळते. पहिल्या क्वेकियाओवरच नेदरलँड्स आणि चीनने मिळून खालच्या वारंवारतांचे अँटेना बसवले होते. निरोप पोहोचवण्याचं काम आधी, म्हणून ते उघडायला वर्षाहून जास्त वाट पाहावी लागली, आणि उघडल्यावर ऐकायचं होतं ते त्या उपग्रहाच्याच आवाजातून वेगळं करून.